रिकाम्या रकान्यात काय भरायचं?

आजचा विषय ऐकून लगेच स्किप करू नका. आज आपण रिझर्व्ह बँकेकडे देशाच्या अर्थव्यवस्थेचा डेटा कुठून येतो, आणि तो अर्धवट आला तर ती काय करते, यावर बोलणार आहोत. मी इकॉनॉमिक्सवाला नाही. बी.टेक. केलंय, डेटा पाइपलाइन लिहून पोट भरतो. पण हा प्रश्न माझ्या घरात दोन बाजूंनी शिरला, म्हणून त्याच्या मागे लागलो.

पहिली बाजू ईएमआयची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला. समजा तुमचं तीस लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज ६.७ टक्क्यांनी होतं. हप्ता साधारण २२,७०० रुपये. तेच कर्ज ९.२ टक्क्यांनी धरलं तर हप्ता २७,४०० च्या आसपास जातो. म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या वर. माझ्या बँकेने हप्ता तेवढाच ठेवला आणि वर्षं वाढवली. मेसेज वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो.

दुसरी बाजू माझी आई. ती नागपूरला असते. फोनवर मी तिला म्हटलं, महागाई पाच टक्क्यांच्या आसपास आहे. ती म्हणाली, "पाच टक्के? कोणत्या दुकानात भेटते रे ही पाच टक्केवाली भाजी? मला पण पत्ता दे."

आता खरं कोण? आई की सरकारी आकडा?

आधी आकडा कसा बनतो ते बघू. रिझर्व्ह बँकेकडे डेटा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे दुसऱ्याने गोळा केलेला डेटा. महागाईचा आकडा, म्हणजे सीपीआय, रिझर्व्ह बँक काढतच नाही. तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढतं. त्यांची माणसं प्रत्यक्ष बाजारात जाऊन भाव लिहून आणतात. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेली जी मालिका आपण बरीच वर्षं वापरली, तिच्यासाठी शहरांतले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं ठरलेली होती. त्यात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के. एका महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या १२ तारखेच्या सुमाराला येतो. जीडीपीला आणखी उशीर, तिमाही संपल्यावर जवळपास दोन महिने. म्हणजे गाडी चालवायची पुढे, पण आरसा मागचा.

दुसरी वाट बँकांची. प्रत्येक बँकेला ठेवी किती, कर्जं किती हे दर पंधरवड्याला कळवावंच लागतं. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४२ मध्येच ते आहे. हा सगळा डेटा आता ज्या सिस्टिमवर येतो, तिची नवी आवृत्ती ३० जून २०२३ ला सुरू झाली. तिचं नाव सीआयएमएस. शिवाय उशीर भरून काढायला युपीआयचे व्यवहार, ई-वे बिलं, विजेचा वापर, ट्रॅक्टरची विक्री, आणि ग्राहक व्यवहार विभाग रोज जाहीर करतो ते डाळ-कांदा-टोमॅटोचे भाव, हेही बघितलं जातं. त्यावरून पुढचा आकडा काय येईल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

तिसरी वाट माझी आवडती. सरळ लोकांना विचारायचं. २००५ पासून रिझर्व्ह बँक घराघरांत एक सर्वेक्षण करते: पुढच्या तीन महिन्यांत, पुढच्या वर्षभरात भाव किती वाढतील असं तुम्हाला वाटतं? १९ शहरं, साधारण सहा हजार कुटुंबं. या शहरांत मुंबई आहे आणि आपलं नागपूरही आहे. लोक जो आकडा सांगतात तो सरकारी आकड्यापेक्षा बहुतेक वेळा चांगलाच वर असतो. म्हणजे माझी आई एकटी नाही!

मग हा डेटा चुकीचा म्हणून फेकायचा का? नाही. कारण माणसाला भाव वाढणार असं वाटलं की तो पगारवाढ मागतो, दुकानदार आधीच दर वाढवून ठेवतो, आणि भाव खरंच वाढतात. म्हणून त्यात नुसता आकडा बघायचा नसतो. मागच्या वेळेपेक्षा तो वर गेला की खाली, हे बघायचं असतं.

इथपर्यंत सगळं छान. आता मुद्द्याची गोष्ट.

माझ्या आधीच्या नोकरीत, कंपनीचं नाव राहू दे, एका दुकान-साखळीचा डॅशबोर्ड माझ्याकडे होता. एक दिवस काही दुकानांचा डेटा आलाच नाही. कोडमध्ये मी नल असेल तिथे शून्य टाकलं होतं. सिस्टिमला वाटलं विक्री पडली, आणि तिने पुढची ऑर्डर कापली. ऐन दिवाळीत दुकानांत माल नाही. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: डेटा नसणं म्हणजे शून्य नसतं. आणि रिकाम्या रकान्यात काय भरायचं हा फक्त टेक्निकल निर्णय नसतो.

आता २०२० आठवा. १९ मार्चपासून बाजारात जाऊन भाव गोळा करणं थांबलं. माणूस बाजारात जाणार कसा, बाजारच बंद! फोनवरून जमेल तेवढे भाव घेतले गेले. एप्रिल आणि मे महिन्याचा महागाईचा मुख्य आकडा जाहीरच झाला नाही, फक्त काही गटांचे भाव दिले गेले. मग जुलैमध्ये, जूनच्या आकड्यासोबत, ते दोन महिने भरून काढले गेले. याला इम्प्युटेशन म्हणतात. ज्या वस्तूचा भाव मिळाला नाही तिच्यासाठी, ज्यांचे भाव मिळाले त्यांच्या चालीवरून अंदाज घ्यायचा. यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, हे काही मनाने केलेलं काम नव्हतं. भरलेला आकडा एप्रिलला सात टक्क्यांच्या वर आणि मेला सहाच्या वर निघाला.

आता कायदा बघा. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला लक्ष्य दिलंय: ४ टक्के, दोन खाली, दोन वर चालेल. सलग तीन तिमाही सरासरी महागाई सहाच्या वर गेली तर ते अपयश मानलं जातं. मग का चुकलं, काय करणार आणि किती वेळ लागेल, हे सरकारला लिहून द्यावं लागतं.

जानेवारी ते मार्च २०२०, सरासरी सहाच्या वर. जुलै ते सप्टेंबर २०२०, पुन्हा सहाच्या वर. मधली तिमाही कोणती? एप्रिल ते जून. तीच, जिच्यातले दोन महिने भरलेले आहेत.

ऑगस्ट २०२० मध्ये पतधोरण समितीने सांगितलं की धोरण ठरवताना एप्रिल आणि मेचे हे आकडे मालिकेतला खंड मानता येतील. म्हणजे कोडच्या भाषेत, इथे नल राहू द्या. ते आकडे धरले असते तर सलग तीन तिमाही पूर्ण होत होत्या. धरले नाहीत, साखळी तुटली. पहिल्यांदा असा खुलासा द्यायची वेळ आली ती २०२२ मध्ये. त्यासाठी समितीची खास बैठक ३ नोव्हेंबरला झाली.

मी हे घोटाळा म्हणून सांगत नाहीये, प्लीज तसा रील बनवू नका. त्यांच्या बाजूने मुद्दा आहेच. लोक खरेदीच करू शकत नव्हते, तेव्हा टोपलीतल्या वस्तूंचा अंदाजे भाव धरून व्याजदर ठरवायचा का? त्या वेळी दर वाढवले असते तर आधीच नोकरी गेलेल्या माणसाचं काय झालं असतं? इंजिनियर म्हणून मीही कदाचित नलच ठेवला असता. पण ज्याचा निकाल लागणार आहे त्यानेच रिकामा रकाना कसा वाचायचा ते ठरवावं, हे मला खटकतं. असा नियम आधीच लिहून ठेवलेला हवा. परीक्षा झाल्यावर कोणता पेपर धरायचा ते विद्यार्थ्याने ठरवू नये.

आणि आता आपली बाजू. दोनेक वर्षांपूर्वी आईच्या दारात एक मुलगी आली होती. "काकू, रिझर्व्ह बँकेसाठी सर्वे आहे, भावांबद्दल दोन-चार प्रश्न विचारते." आईने दार लावून घेतलं. मला फोनवर अभिमानाने सांगितलं, "ओटीपी मागणार होती, मी ओळखलं." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, रोज फसवणुकीच्या बातम्या येतात. पण त्या सहा हजार घरांतलं एक उत्तर त्या दिवशी गेलं. पाच टक्क्यांवर चिडणारी बाई, आणि तिचं म्हणणं लिहून घ्यायला आलेलं माणूस दारातूनच परत. रकाने असेही रिकामे होतात.

तर दोन कामं सांगतो. एक, रिझर्व्ह बँकेचं आरबीआयडेटा नावाचं ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये आलंय. त्यात अकरा हजारांहून जास्त मालिका आहेत, फुकट. ते उघडा आणि तुमच्या कामाची एक तरी मालिका बघा. दोन, या सर्वेक्षणाची फेरी सुरू होते तेव्हा रिझर्व्ह बँक प्रसिद्धीपत्रक काढते, आणि ज्यांच्या घरी कोणी आलं नाही त्यांनाही त्यातल्या प्रश्नावलीतून उत्तर देता येतं. लिंक मात्र रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरूनच उघडा, व्हॉट्सॲपवर आलेली नको. आणि ओटीपी कोणी मागितला तर आईने केलं तेच करा.

मागच्या फेरीला आईला शेजारी बसवून मी तो फॉर्म भरून घेतला. वर्षभरात भाव किती वाढतील? ती म्हणाली, "लिही पंधरा टक्के." मी म्हटलं, आई, पंधरा जरा जास्त नाही का? ती म्हणाली, "तुला विचारलं का त्यांनी?"

पंधरा लिहिले. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.