घरीं शिकणारें मूल आणि गांवची शाळा

मुंबई आणि पुणें यांना जोडणारा द्रुतगति मार्ग मावळ तालुक्यांत उर्से गांवाजवळून जातो. तेथील टोलनाक्यापाशीं मोटारी क्षणभर थबकतात आणि पुढें निघून जातात. गांवच्या शिवारांत आतां भातखाचरांबरोबर कारखानेहि उभे आहेत. अशा गांवांत एक घर आहे, आणि त्या घरांतील दहा वर्षांचा मुलगा शाळेंत न जातां आईजवळ शिकतो, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. आई सुशिक्षित आहे. मुलगा गणितांत वर्गाच्या पुढें आणि लेखनांत थोडा मागें आहे. सकाळीं शाळेची घंटा त्याच्या कानांवर येते, सायंकाळीं मैदानावर खेळणारीं मुलें त्यास दिसतात. या मुलाचें त्या शाळेशीं कांहीं नातें आहे काय? शाळा त्याचें कांहीं देणें लागते काय?

घरीं शिकणें ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाई बालपणीं कोणत्याहि शाळेंत गेल्या नाहींत. त्यांच्या वडिलांनीं, अनंतशास्त्री डोंगरे यांनीं, आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें कन्येस पढविलें. इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंची विद्वत्ता पारखून त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. ज्ञान कोठें मिळविलें हें त्या पंडितांनीं विचारलें नाहीं; तें आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें. आनंदीबाई जोशी यांच्या विद्येचा पायाहि पति गोपाळराव यांनीं घरींच घातला. तथापि त्या काळीं मुलींना शाळेचें दार बहुधा बंदच असे, म्हणून घर हा निरुपायाचा मार्ग होता. आज शाळेचें दार उघडें असतां कांहीं कुटुंबें घराची निवड करतात, हा फरक लक्षांत ठेविला पाहिजे.

कायदा याविषयीं काय म्हणतो? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेंत घालणें हें त्यानें पालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. परंतु तें न करणाऱ्या पालकास शिक्षा सांगितलेली नाहीं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आंत असावी. शिवाय जें मूल शाळेंत कधींच गेलें नाहीं, त्यास वयास अनुरूप अशा वर्गांत बसवावें आणि मागें राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणानें भरून काढावा, असेंहि त्यांत आहे. म्हणजे उर्स्याच्या त्या मुलास उद्यां शाळेंत जावेंसें वाटलें तर दार उघडें आहे. जन्माचा दाखला हाताशीं नाहीं म्हणून त्यास परत पाठवितां येत नाहीं.

दुसरें दार परीक्षेचें. महाराष्ट्रांत ‘बाहेरून बसणें’ हा शब्दप्रयोग घरोघरीं ठाऊक आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या राज्याच्या शिक्षण मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी दहावीच्या परीक्षेस बसतो. हा फॉर्म एखाद्या शाळेमार्फत जातो. तोंडी परीक्षा आणि प्रकल्प यांची व्यवस्था तीच शाळा पाहते. परंतु फॉर्मासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जो कधीं शाळेंत गेलाच नाहीं, त्यानें शाळा सोडल्याचा दाखला आणावा कोठून? ही अडचण ओळखून राज्यानें २०१७ सालीं मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केलें. दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलास पांचवीच्या, आणि तेरा वर्षें पूर्ण झालेल्यास आठवीच्या पातळीची परीक्षा तेथें देतां येते. त्यापूर्वीं १९८९ पासून केंद्राची राष्ट्रीय मुक्त शाळा हा मार्ग होताच.

परीक्षेचें दार वेळेवर उघडलें नाहीं तर काय होतें, तें मुंबईच्या मालविका जोशी हिच्या उदाहरणावरून दिसतें. सातवींत असतांना आईनें तिला शाळेंतून काढून घरीं शिकविलें. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्यें तिनें दोन रौप्य आणि एक कांस्य अशीं तीन पदकें मिळविलीं. परंतु बारावीचें प्रमाणपत्र नसल्यामुळें आय. आय. टी. मध्यें तिला प्रवेश मिळणें शक्य नव्हतें. २०१६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यापीठानें तिला विद्यार्थिनी म्हणून घेतलें. एवढी असामान्य बुद्धि प्रत्येक घरीं नसते. सामान्य मुलास कागदावांचून गत्यंतर नाहीं.

प्रवेशाचें दार आहे, परीक्षेचेंहि आहे. उणीव आहे ती या दोहोंच्या मधल्या वर्षांची. घरीं शिकणाऱ्या मुलास वाचनालयांतील पुस्तक हवें असतें, विज्ञानाचा एखादा प्रयोग करून पाहावयाचा असतो, खोखोच्या संघांत नववा गडी व्हावयाचें असतें. यांतील कशासहि नियमांत जागा नाहीं. मूल एक तर पटावर असतें, नाहीं तर नसतें. आणि शाळेचा सारा संसार पटावर चालतो. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हें कायद्याचें माप पटावरून लागतें. पोषण आहाराचें धान्य पटावरून येतें. पटाबाहेरच्या मुलास मुख्याध्यापकांनीं वर्गांत बसूं दिलें तर तो त्यांचा चांगुलपणा. उद्यां त्यास मैदानावर कांहीं दुखापत झाली तर जबाबदारी मात्र त्यांची. अशा स्थितींत ते ‘नाहीं’ म्हणाले तर त्यांना दोष देतां येत नाहीं.

तथापि घर आणि शाळा यांचा मेळ घालणें अशक्य आहे असेंहि नव्हे. २०१२ सालीं कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिनें बहुविध अथवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकास घरींच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. अशा मुलाचें नांव जवळच्या शाळेच्या पटावर राहतें, आणि विशेष शिक्षक त्याच्या घरीं जाऊन शिकवितात. मूल घरीं आहे, तरीहि तें शाळेचें आहे, हें तत्त्व येथें मान्य झालेलें आहे. जें एकासाठीं मान्य झालें, तें मर्यादित स्वरूपांत दुसऱ्यासाठीं कां होऊं नये?

परदेशांत याचीं निरनिराळीं उत्तरें सांपडतात. जर्मनींत शाळेंत जाणें सक्तीचें आहे. घरच्या शिक्षणास तेथें वाव नाहीं. इंग्लंडच्या कायद्यानें मुलास योग्य शिक्षण देण्याचें कर्तव्य पालकावर ठेविलें, पण तें शाळेबाहेरहि पार पाडण्याची मोकळीक दिली. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत दुहेरी नोंदणीची सोय आहे. घरीं शिकणारें मूल कांहीं विषयांस आणि खेळांस सरकारी शाळेंत येतें, व त्याच्यापोटीं शाळेच्या जिल्ह्यास निधीचा अल्प वांटाहि मिळतो. फ्लॉरिडा राज्यानें १९९६ सालीं अशा मुलांस सरकारी शाळेच्या संघांतून खेळण्याची मुभा दिली. घरीं शिकलेला टिम टीबो याच सवलतीनें फुटबॉल खेळला आणि २००७ सालीं महाविद्यालयीन खेळाडूंचा सर्वोच्च मान, हाइझमन पारितोषिक, त्यास मिळाला.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो हलका नाहीं. ‘घरीं शिकते’ हे शब्द सोयीचे आहेत. धाकट्या भावंडांस सांभाळणारी मुलगी, वीटभट्टीवर आईबापांच्या मागें फिरणारा मुलगा, यांच्याविषयींहि कोणी तेंच उत्तर देईल. सक्तीच्या शिक्षणासाठीं झगडलेल्या पिढ्यांचे श्रम अशानें वायां जातील, ही भीति खरी आहे. परंतु नीट पाहिलें तर हाच आक्षेप नोंदणीच्या बाजूनें बोलतो. जें मूल कोणत्याच पटावर नाहीं, तें कोणाच्याच नजरेस पडत नाहीं. जें आठवड्यांतून दोन दिवस शाळेंत येतें, पुस्तक नेतें, खेळतें, त्यास शिक्षक ओळखतात. तें खरोखर शिकतें आहे कीं राबतें आहे, हें त्यांना चार दिवसांत समजतें.

यास्तव मोठ्या योजनेची आवश्यकता नाहीं. शाळेच्या पटावर घरीं शिकणाऱ्या मुलांसाठीं एक वेगळा रकाना, त्या नोंदीपुरती शाळेस थोडी तरतूद, आणि वर्षांतून एकदां मुलाच्या प्रगतीची पाहणी, एवढ्यानें आरंभ होऊं शकेल. पंचायत समितीचें ठिकाण असलेलें वडगांव किंवा शेजारचें तळेगांव दाभाडे येथें अशी सोय झाली, तरी उर्स्याच्या त्या मुलास तिचा उपयोग होईल. पण गांवच्याच शाळेंत झाली तर अधिक बरें. घंटा त्याच्या कानांवर रोज पडतेच आहे. तिच्या नादांत आपलेंहि कांहीं आहे, असें त्यास वाटावें, एवढाच या मागणीचा अर्थ.