सुट्टीत कुणाकडे जायचीस?



बालकल्याण समित्यांचे सदस्य, बाल संरक्षण अधिकारी आणि बालगृहांचे अधीक्षक एका छताखाली क्वचितच भेटतात, म्हणून मी एकच विषय घेते: घरातून बाहेर काढावे लागलेले मूल नातेवाइकांकडे सोपवण्याचा.

२०१५ चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो. पण मूल चोवीस तासांत समितीपुढे हजर करायचे असते आणि त्या घाईत सर्वांत सोपी सोय असते ती बालगृहाची. आजी दूर गावी, फोन लागत नाही, गृहचौकशीला माणूस नाही. मग तात्पुरते म्हणून पाठवलेले मूल तिथेच पुढच्या इयत्तेत जाते.

नातेवाईक शोधायचे तर आधी मुलालाच विचारले पाहिजे. "तुझं कोण कोण आहे?" या प्रश्नाला घाबरलेली मुलगी मान खाली घालते. "दिवाळीच्या सुट्टीत कुणाकडे जायचीस?" म्हटले की मावशीचे गाव, एसटी कुठे थांबते, दारात कोणते झाड आहे, सगळे सांगू लागते. आपल्या नोंदीत बहुधा काका-मामाच येतात. लग्न झालेली थोरली बहीण कुणी विचारात घेत नाही. बीडकडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यावर जाताना पोरे आजी-आजोबांवर सोपवून जातात. आपल्या लोकांना हे नवे नाही.

मात्र नाते म्हणजे सुरक्षितता, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्याच्यापासून मुलीला सोडवले, तोच माणूस संध्याकाळी त्या ओसरीवर चहाला येत असेल, तर ते घर नको. मुलगी भांडी घासायला मिळाली किंवा लवकर उजवून टाकता येईल, असा हिशेब असेल, तरीही नको. चौकशीला गेलात की ती झोपते कुठे, दप्तर कुठे ठेवते, ते बघा, शेजारणीशी बोला, आणि मुलीशी घरच्यांपासून दूर, एकटीशी बोला.

आणि पैसा. त्याविषयी आपण संकोचाने बोलतो, जणू आजीने मदत मागितली की तिची माया खोटी ठरते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात ४,०००. या दुसऱ्या योजनेत विस्तारित कुटुंबात राहणारी अनाथ मुलेही बसतात. मात्र उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. निराधार पेन्शनवर जगणाऱ्या बाईला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, शाळेचे बोनाफाईड यांसाठी तालुक्याला किती खेपा घालायला लावायच्या? या खेपा आपल्या बाल संरक्षण कक्षाने घालाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल सोपवले की फाइल बंद, ही सवय मला सर्वांत घातक वाटते. पहिला राग, अंथरूण ओले होणे, शाळेत जायला नकार, हे सगळे त्यानंतरच सुरू होते आणि तेव्हा आजी एकटी असते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नातेवाइकांकडे सोपवण्याच्या प्रत्येक आदेशातच पहिल्या तीन गृहभेटींच्या तारखा, भेट देणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव आणि फोन नंबर लिहा, अनुदानाचा अर्ज त्याच दिवशी समितीच्याच टेबलावर भरून घ्या आणि आदेशाची प्रत आजीला वाचून दाखवून तिच्या हातात द्या. हा ठराव या परिषदेने आज दुपारच्या सत्रात मांडावा.