परिषदेला जाताना



कापसाच्या नाहीतर ज्वारीच्या परिषदेला आपली माणसं जातात आणि परत येऊन सांगतात, जेवण बरं होतं, पिशवी मिळाली, भाषणं फार लांबली. पिशवीसाठी एसटीचं भाडं खर्चायचं कारण नाही. तिथे शास्त्रज्ञ, बियाणं कंपन्या, सरकारी अधिकारी आपल्याच पिकाबद्दल बोलत असतात. आपण नुसत्या माना डोलावल्या, तर पुढच्या शिफारशीत आपलं हलकं रान कुठेच नसतं.

तेव्हा गावातून दोघं पाठवू. त्यात एक बाई हवीच. वेचणीला खरंच किती दिवस आणि किती मजुरी लागते, हे पुरुषांना विचारून कळत नाही. खिशात एक चिठ्ठी असावी: माती किती खोल, पेरणी कधी, फवारण्या किती, खर्च आणि उतारा किती.

व्यासपीठावरचे आकडे नीट ऐकले पाहिजेत. तिथे सांगतात हेक्टरी ५०० किलो रुई. आपण मोजतो सरकीसकट कापूस, तोही एकरी क्विंटलमध्ये. १०० किलो कापसातून ३४ किलो रुई धरली, तर ५०० किलो रुईला हेक्टरी सुमारे १,४७० किलो कापूस लागतो, म्हणजे एकरी जवळपास ६ क्विंटल. हा हिशेब जागीच करायचा, मग उठून विचारायचं: जमीन कोणती होती, ओलीत होतं का, पावसाने किती दिवस उघाड दिली, एकरी खर्च किती आला? हे सांगितल्याशिवाय तो उतारा आमच्या कामाचा नाही.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बोंडं नासवली. तेव्हापासून आपल्याला सांगणं एकच, फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा. शास्त्र खरं आहे, उभ्या पऱ्हाटीवर अळीच्या पुढच्या पिढ्या पोसल्या जातात. पण शेवटच्या वेचणीचे पैसे आम्ही सोडायचे, तर ते भरून कशातून निघतील? कोरडवाहू रानात त्यानंतर काय येईल? याचं उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.

ज्वारीच्या सभेत वक्ता धान्याचा उतारा सांगून थांबला, तर कडबा किती निघाला ते विचारावं. मालदांडी शेतकऱ्याने इतकी वर्षं धरून ठेवली ती काही अडाणीपणाने नाही; घरात भाकरी लागते आणि गोठ्यात वैरणही.

सभागृहात वेळ मिळाला नाही तर शास्त्रज्ञाला चहाच्या रांगेत गाठा. कोणत्या वाणाची चाचणी फसली, हे तिथे माणूस मोकळेपणी सांगतो. शिवारफेरी असेल तर मंडपात बसून राहू नका. कंपनीच्या दुकानात मात्र कोणत्याही कागदावर सही नको.

परतल्यावर आठ दिवसांत पारावर सगळं वाचून दाखवायचं. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने तीन प्रश्न लिहून आणावेत. ते एकत्र करून परिषदेआधी आयोजकांना टपालाने पाठवू, पोच घेऊन.