कच्चा विद्यार्थी नव्हे, अवघड विषय



आपल्यापैकी काही जण आज महाविद्यालयांत शिकवतात, त्यांच्यासाठी एवढेच. १९७३ साली अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील आवारात डिआना मार्टिन यांनी एक उपक्रम सुरू केला. त्यात कच्चा विद्यार्थी हेरत नाहीत, अवघड विषय हेरतात. तो विषय चांगल्या गुणांनी पार केलेला विद्यार्थी पुन्हा तासाला बसतो, टिपणे काढतो आणि सर्वांसाठी अभ्याससत्र घेतो. प्राध्यापकांनी असा विद्यार्थी सुचवायचा, मुले कुठे अडतात ते त्याच्याकडून ऐकायचे आणि वर्गात सत्राची वेळ सांगायची. मात्र "तू जा" म्हटले की मूल लाजते. "सगळे जा" म्हणावे. कितीतरी मुले शंका न विचारताच कॉलेज सोडतात. ती थांबावीत, एवढीच विनंती.