तप्त, दाट अणुकेंद्रीय द्रव्यातील अवस्थांतराचा शोध
(स्वागताध्यक्षीय भाषण)

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या आत क्वार्क ग्लुऑनांनी बांधून कोंडलेले असतात. सुटा क्वार्क आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. मात्र तापमान सुमारे १.८ लाख कोटी केल्व्हिनपर्यंत, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीपलीकडे गेले, की हे बंधन विरते आणि क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा तयार होतो. महास्फोटानंतरचे पहिले काही मायक्रोसेकंद विश्व याच अवस्थेत होते.

हे अवस्थांतर कोणत्या प्रकारचे, हा खरा प्रश्न. द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळपास समसमान असताना ते सलग, हळूहळू होते, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जालक-गणिताने, म्हणजे अवकाश-काळाची जाळी मांडून संगणकावर केलेल्या गणिताने दाखवले. प्रोटॉन-न्यूट्रॉनांची दाटी वाढली, तर मात्र पाणी उकळावे तसे ते एकदम व्हावे, असा कयास आहे. अशा अवस्थांतराची सीमारेषा जेथे संपते, तो क्रांतिक बिंदू. पाण्याचा तो ३७४ अंश सेल्सिअसला आहे. अणुकेंद्रीय द्रव्याचा अजून सापडायचा आहे.

अडचण गणितापासूनच सुरू होते. दाटी आली की जालकावरील संभाव्यतेच्या जागी संमिश्र संख्या येतात आणि संगणकाची नेहमीची नमुना-पद्धत कोलमडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी शून्य दाटीपासून पुढे सरकणाऱ्या टेलर श्रेणीच्या आडवाटेने क्रांतिक बिंदूचा अंदाज बांधला. अर्थात दाटी जितकी जास्त, तितकी ही वाट बिकट.

प्रयोगाची बाजू अमेरिकेतील ब्रुकहेव्हनच्या ‘रिक’ त्वरकाने उचलली. २०१० पासून तेथे सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींची ऊर्जा पायरीपायरीने उतरवली गेली. ऊर्जा जितकी कमी, तितके जास्त प्रोटॉन-न्यूट्रॉन मध्येच अडकतात आणि दाटी वाढते. प्रोटॉनांतून प्रतिप्रोटॉन वजा करून येणारा आकडा टकरीगणिक किती हेलकावतो, हे मोजायचे. क्रांतिक बिंदूजवळ हे हेलकावे वेगळे वळण घेतात. ‘रिक’वरील ‘स्टार’ प्रयोगगटाच्या दुसऱ्या फेरीच्या मोजमापांत न्यूक्लिऑन-जोडीमागे २० जीईव्हीच्या आसपास, असा बिंदू न मानणाऱ्या प्रारूपांशी फारकत दिसते. तेवढ्यावरून शोध लागला म्हणणे घाईचे होईल. टकरीतला अग्निगोळा इतका इवला आणि क्षणजीवी, की हेलकाव्यांना पुरते वाढायला अवधीच मिळत नाही.

म्हणून गणित आणि मोजमाप यांना एकमेकांवाचून गत्यंतर नाही. या परिषदेस आलेल्या जालकवाल्यांचे आणि डिटेक्टरवाल्यांचे, दोघांचेही स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. पुढचा टापू आणखी दाटीचा आहे; जर्मनीत डार्मस्टाट येथे उभारल्या जात असलेल्या ‘फेअर’ त्वरक-केंद्रातील सीबीएम प्रयोग तो धुंडाळणार आहे आणि त्यात भारतीय गटही सहभागी आहेत.