कितवी बलुतेदार?

आमच्या गटातल्या बायकांना घेऊन मी कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहायला गेले होते. तिथे जुनं गाव माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय. परतताना एक मावशी म्हणाल्या, "सुतार बारांत, लोहार बारांत. मग वाकळ शिवणारी कितवी?" घरोघरी बाईच वाकळ शिवायची, पण त्या कामाला ना बलुतं, ना मोजदाद.

मग आम्ही समाजमंदिरात दोऱ्या बांधून आपल्याच वाकळा टांगल्या. हसून हसून पुरेवाट झाली! एकीच्या वाकळेला मैद्याच्या पोत्याचं कापड, त्यावर छापलेलं 'निव्वळ वजन ५० किलो', तेही नेमकं नवरा झोपतो त्या बाजूला. मावशींनी नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचा खिसा तसाच ठेवून भोवतीनं धावदोरा घातलेला. "आत काय न्हाई, नेहमीसारखंच," म्हणाल्या.

चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलीने (आमच्याच शिबिरात तयार झालेली, बरं का!) प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव घालून पुढे 'यांच्या सौभाग्यवती' लिहिलं. मावशींनी आपली चिठ्ठी खोडायला लावली.

"माझं नाव घाल. त्यांचा खिसा लावलाय की, तेवढं बास."