आडनावाच्या रकान्यात अडकलेला शेख

(देवपूर, धुळे इथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या खान्देशात नाव कसं लिहितात, तुम्हाला माहीत आहे. शेख रफिक शेख रहीम. मुलाच्या आधी शेख, बापाच्या आधीही शेख. माझ्या धाकट्या भावाने शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, तेव्हा वडिलांच्या नावाच्या रकान्याने मधली मोकळी जागाच घेतली नाही. त्याने 'शेखरहीम' असं जोडून टाकलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं होतं. दोन्ही जुळेनात, अर्ज परत आला आणि ते वर्ष गेलं. घरात सगळे म्हणाले, नशीब. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. मला कळलं की हे नशीब नाही. कोणीतरी दोन ओळी लिहिल्यात, त्याच्या डोळ्यांपुढे आपलं नाव नव्हतं.

त्या दोन ओळी कशा लिहितात, ते आज सांगतो.

पानाचा जो भाग दिसतो, तो तुमच्या मोबाइलवर उभा राहतो. फॉर्म पाठवला की तो दूरच्या सर्व्हरकडे जातो, आणि तिथली स्क्रिप्ट ठरवते घ्यायचा की नाही. ब्राउझरमधली तपासणी कुणीही काढून टाकू शकतो, म्हणून खरा नियम सर्व्हरवरच लागतो.

सुरुवात पीएचपीने करा. रास्मुस लेरडॉर्फ नावाच्या माणसाने 1994 मध्ये स्वतःच्या बायोडाटाचं पान कोण बघतं ते मोजायला ही साधनं लिहिली, 1995 मध्ये सगळ्यांना दिली. आज विकिपीडिया, मराठी विकिपीडियासुद्धा, पीएचपीवर चालतो. नव्या भाषा आल्या आहेत, पण जुन्या लॅपटॉपवर फुकट शिकायला हिच्यासारखी सोपी मला तरी दुसरी सापडली नाही.

एक्सएएमपीपी टाका. त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये तुमची फाइल ठेवा, शेवटी डॉट पीएचपी. मग अपाची सुरू करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून पुढे फाइलचं नाव लिहा. फाइलवर डबल क्लिक करू नका! तसं केलं तर पान चालत नाही, नुसता कोड दिसतो, आणि पहिल्याच दिवशी पोरं तिथे हात टेकतात. फॉर्मची पद्धत पोस्ट ठेवा, नाहीतर भरलेली नावं वर पत्त्याच्या पट्टीत दिसतात.

आता नावाकडे येऊ. पीएचपीत लांबी मोजायला 'स्ट्रलेन' आहे. 'मोहम्मद' देवनागरीत टाका, उत्तर येतं 21. कारण ते अक्षरं नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. म्हणजे कुणी 'वीसपेक्षा जास्त नको' असा नियम लावला, तर मोहम्मदच बाहेर! 'एमबी-स्ट्रलेन' वापरा, सात येतात. तसंच 'फक्त अक्षरं चालतील' हा नियम. यूनिकोड काना-मात्रेला अक्षर म्हणत नाही, खूण म्हणतं. खुणांना परवानगी नसेल तर 'शेख'मधली एक मात्रा सगळं नाव पाडते. हे फक्त आपल्यापुरतं नाही. वसईचा डिसूझा इंग्रजीत नाव लिहितो, तेव्हा मधल्या वरच्या स्वल्पविरामाने कच्ची लिहिलेली डेटाबेसची क्वेरी मोडते. आणि जिथे चुकून मोडते, तिथे चोर मुद्दामही मोडू शकतो. म्हणून क्वेरी नेहमी प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच.

मी काय करतो? 'पूर्ण नाव' असा एकच रकाना. आडनाव सक्तीचं नाही. कडेच्या मोकळ्या जागा ट्रिमने काढतो, मधल्या राहू देतो.

एक चूक माझीही. पहिलंच काम एका क्लासचं होतं. मुलामुलींचे फोन नंबर मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवले, आणि ती फाइल एचटीडॉक्समध्येच ठेवली. नाव टाइप केलं की कुणालाही उघडत होती. एका मुलीच्या वडिलांनी मला बोलावून दाखवलं. ओरडले नाहीत, "बेटा, ये अमानत थी," एवढंच म्हणाले. त्या रात्री फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवली. अजून कुणाचा नंबर साठवताना ते आठवतात.

घरी गेल्यावर एक रकाना, एक बटण आणि एक पीएचपी फाइल बनवा. दादी-नानीपासून घरातली दहा नावं मराठीत, उर्दूत, इंग्रजीत टाका. जे अडेल ते लिहून पुढच्या रविवारी घेऊन या, आपण इथेच बसून सोडवू.